सेल्फ फिरतोय, पण गाडी पकडत नाही

पत्राचा सारांश: सोलापुरातल्या एका सत्तावीस वर्षांच्या वाचकाचं हे पत्र. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात तो हिशेबाचं काम बघतो. दीड वर्षापूर्वी त्याने 2015 सालची, एम.एच. 13 पासिंगची पेट्रोल हॅचबॅक सेकंडहँड घेतली. निम्मे पैसे वडिलांनी घातले. वडील एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत. गेल्या रविवारी आतेभावाच्या ओळखीच्या एका फॅब्रिकेटरकडून त्याने मूळ सायलेन्सर काढून फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर) बसवून घेतला आणि त्याच कामात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) कापून काढला. गाडी घरापर्यंत नीट आली, फक्त मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. सोमवारी सकाळी गाडी सुरू झाली नाही. 'सेल्फ जोरात फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. मंगळवारपासून तर चावी फिरवली की नुसतं टक टक टक,' असं तो लिहितो. फॅब्रिकेटर म्हणतो, 'मालक, मी पायपाचं काम केलंय, इंजिनाला हात बी लावला नाही.' आतेभाऊ म्हणतो, बॅक प्रेशर (पायपातून धूर बाहेर पडताना इंजिनवर येणारा उलटा दाब) गेलं म्हणून असं होतंय. गल्लीतल्या मेकॅनिकने इसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) उडाला असं सांगून बावीस हजारांचा आकडा दिलाय. पुढच्या आठवड्यात घरच्यांना तुळजापूरला न्यायचंय. कन्व्हर्टर काढल्याचं वडिलांना ठाऊक नाही. 'काका, इसीएम बदलू का? फॅब्रिकेटरकडून पैसे वसूल होतील का? आणि अप्पांना काय सांगू?'

प्रिय मित्रा,

आधी एक गोष्ट सांगतो, मग निवांत बोलू. ते बावीस हजार आत्ता कुणाच्याही हातावर ठेवू नकोस. इसीएम गेलाच नसेल असं मी म्हणत नाही. पण तो गेलाय असं म्हणण्याआधी ज्या पाच-सहा गोष्टी बघाव्या लागतात, त्यातली एकही कुणी बघितल्याचं तुझ्या पत्रात नाही. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, वेल्डिंग झालंय हे ऐकलं आणि निदान सांगून टाकलं. मी याच शहरात एकतीस वर्षं गॅरेज चालवलं. नवा इसीएम बसवूनही जागची न हललेली गाडी टो करून माझ्याकडे आणलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे पैसे गेलेले असायचे आणि दोष तिथेच असायचा.

तुझ्या पत्रातली सगळ्यांत कामाची ओळ तू सहज लिहून गेलास. सोमवारी सेल्फ जोरात फिरत होता पण इंजिन पकडत नव्हतं, आणि मंगळवारपासून नुसतं टक टक. तुला हा एकच आजार वाढत गेल्यासारखा वाटतोय. मला ते दोन वेगळे आजार दिसतात, आणि त्यातला दुसरा तुझ्याच हाताने झालेला आहे. सोमवारी गाडी पकडेना म्हणून तू सेल्फ मारत राहिलास. किती वेळा ते लिहिलं नाहीस, पण ऑफिसला उशीर होत असताना माणूस दोन-चार वेळांत थांबत नाही. त्यात बॅटरी उतरली. रविवारी काम चालू असताना दारं उघडी राहून किंवा चावी ऑनवर राहून ती आधीच थोडी खाली आली असेल तर आणखी लवकर. उतरलेल्या बॅटरीत सेल्फचा सोलेनॉइड, म्हणजे मोटरला करंट जोडून देणारा स्विच, ओढला जाण्यापुरता दम असतो, मोटर फिरवण्यापुरता नसतो. तो ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. त्याचंच ते टक टक टक. म्हणजे मंगळवारचा आवाज ही सोमवारच्या धडपडीची खूण आहे, मूळ रोगाची नाही. खरा प्रश्न सोमवारचाच आहे.

म्हणून पहिलं काम बॅटरीचं. ती काढून रात्रभर चार्जिंगला लाव. चार्जरवरून उतरवल्यावर काही तास तशीच राहू दे आणि मग मीटरने बघ. साधा डिजिटल मल्टिमीटर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चार-पाचशे रुपयांत मिळतो, तो घेच. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. 12 च्या खाली असेल तर ती रिकामीच समजायची. गाडीत बसवून सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जायला नको. गेला, तर चार्ज होऊनही तिच्यात जीव उरलेला नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात बॉनेटखालची उष्णता. थंडीने बॅटरी सुस्तावते हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिचं आयुष्य खातो तो उन्हाळा. गाडी घेतल्यापासून तू बॅटरी बदललेली नसशील तर तिचं वय कळायला मार्ग नाही, तेव्हा बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून घे.

बॅटरी भरली की सोमवारची स्थिती परत येईल. सेल्फ फिरेल, गाडी पकडणार नाही. तिथून खरा शोध सुरू होतो.

त्याआधी त्या दोन वाक्यांकडे जरा बघू, कारण तू त्यांच्यातच अडकला आहेस. फॅब्रिकेटर म्हणतो इंजिनाला हात लावला नाही. तू म्हणतोस, रविवारी काम झालं आणि सोमवारी गाडी बंद पडली, म्हणजे त्यानेच बिघडवली. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. कामानंतर झालं म्हणजे कामामुळेच झालं असं नाही, दहा वर्षांची गाडी योगायोगानेही बंद पडू शकते. पण इंजिनाला हात लावला नाही म्हणजे इंजिनाशी संबंध आला नाही, असंही नाही. गाडीत प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला जाण्याची वायर असते, परतीची वाट मात्र बॉडी आणि इंजिनचं लोखंडच असतं. वेल्डिंगचा करंट शंभर अँपिअरच्या आसपास असू शकतो. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ पायपावरच लावला, तर करंट तिथल्या तिथे परततो. तोच चिमटा सोयीसाठी दूर कुठेतरी बॉडीला लावला, तर करंट इंजिन, अर्थिंगच्या पट्ट्या, जो रस्ता सापडेल त्यातून परततो. म्हणून चांगला वेल्डर गाडीखाली शिरण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढतो. हे केलं नसेल तर इसीएमला किंवा अल्टरनेटरच्या डायोडना इजा होऊ शकते. होते असं मात्र नाही. अशा कितीतरी गाड्या वेल्डिंग करून रोज जातात आणि त्यांना काहीही होत नाही.

एका वाचकासाठी लिहिताना मला नेहमी आणखी चार जण दिसत असतात, म्हणून हेही सांगतो. ज्यांच्या गाडीत अशा कामानंतर बॅटरी भरलेली असूनही पहिल्या क्षणापासून नुसता एकच 'टक' येतो, त्यांनी इंजिन आणि बॉडी यांमधली अर्थिंगची पट्टी बघावी. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. नवी बॅटरी, नवा सेल्फ, दोन्ही बदलून झालेले. मी जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवरच्या एका उघड्या बोल्टला, आणि मालकाला म्हटलं, मारा सेल्फ. पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली. खाली जाऊन पाहिलं तर पट्टीचा बोल्ट नुसता हाताने लावलेला, पाना फिरवलाच नव्हता. पाईप काढायला आड येते म्हणून कुणीतरी ती सोडली होती आणि परत बसवताना घाई केली होती. तुझ्या गाडीत सोमवारी सेल्फ जोरात फिरला, म्हणजे ही जाड पट्टी शाबूत आहे.

आता तुझ्या गाडीकडे येऊ. चावी फक्त ऑनवर आण, सेल्फ मारू नकोस, आणि मीटरकडे बघ. इंजिनचा पिवळा दिवा लागतो का? चावी ऑन केली की तो लागलाच पाहिजे. लागला, तर इसीएमला करंट मिळतोय आणि तो जागा आहे. अजिबात लागला नाही, तर इसीएम मेला असं लगेच म्हणायचं नाही. बहुधा त्याच्यापर्यंत करंटच पोचत नसतो, म्हणजे फ्यूज किंवा मेन रिले. त्याच वेळी मागच्या सीटखाली कान दे. चावी ऑन केल्यावर पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबतो. मागे एखाद्याला बसव आणि काच बंद करून ऐकायला सांग. गुणगुण नसेल तर पुन्हा फ्यूज आणि रिलेच आधी. तिसरी गोष्ट, किल्लीचं चिन्ह असलेला दिवा फडफडत राहतो का? तसं असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं कुलूप, किल्ली ओळखत नाही, आणि गाडी पकडणार नाहीच. दुसरी किल्ली लावून बघ.

माझा सगळ्यांत मोठा संशय कुठे आहे ते सांगतो. तुझ्या गाडीच्या एग्झॉस्टमध्ये दोन ऑक्सिजन सेन्सर असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी, एक नंतर. प्रत्येक सेन्सरच्या पोटात हीटर असतो, कारण सेन्सर साधारण तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. त्या हीटरला चावी ऑन झाल्यापासून बारा व्होल्ट मिळत असतात. तुझा कन्व्हर्टर कापला, म्हणजे त्याच्या मागचा सेन्सर एकतर नव्या पायपावर बसवला किंवा काढून वायर तशीच बांधून टाकली. मूळ गाडीत त्या वायरला क्लिपा असतात, त्या तिला पायपापासून लांब धरून ठेवतात. कामात त्या तुटतात आणि कुणी परत लावत नाही. वायर लोंबते आणि तापलेल्या पायपाला टेकते.

असा प्रकार मी गाडीखाली आडवं पडून, टॉर्च दातात धरून पाहिला आहे. चार वायरींचा जुडगा, वरचं काळं आवरण पायपाला चिकटून पापडासारखं झालेलं, आणि आत तांब्याचे दोन-तीन धागे चकाकत पायपावर टेकलेले. तिथे तांबं पायपाला लागलं की फ्यूज उडतो. आणि पुष्कळ गाड्यांत हाच फ्यूज एकट्या हीटरचा नसतो, इंजेक्टर किंवा इंजिनच्या दुसऱ्या काही भागांचा करंटही त्यातूनच जातो. मग सेल्फ जोरात फिरतो, पण सिलिंडरमध्ये पेट्रोलच जात नाही.

रविवारी गाडी घरापर्यंत आली आणि सोमवारी बंद पडली, याचाही मेळ इथे बसतो. घरी येताना पाईप तापला, आवरण मऊ झालं, गाडी थांबल्यावर वायर आपल्या वजनाने खाली बसली. सकाळी तू चावी ऑन केलीस आणि फ्यूज गेला. असंच झालंय अशी खात्री मी इथे बसून देऊ शकत नाही, पण तपासायला दहा मिनिटं लागतात. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा छापलेला असतो. इंजिन, इंजेक्शन, इग्निशन, ऑक्सिजन सेन्सर अशा नावांचे फ्यूज एकेक काढून उजेडात बघ, किंवा टेस्ट लॅम्पने दोन्ही बाजूंना करंट आहे का बघ. एखादा उडालेला सापडला, तर आधी गाडीखालची ती वायर शोध. पायपापासून सोडव, उघडं तांबं नीट झाकून घे, आणि मगच त्याच अँपिअरचा नवा फ्यूज घाल. दहाच्या जागी तीसचा फ्यूज किंवा तांब्याची तार कधीही लावू नकोस. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, आणि वायरिंगच्या शेजारून पेट्रोलची नळी गेलेली असते. हे मी हात जोडून सांगतोय.

आणि गाडीखाली शिरायचं ते रॅम्पवर किंवा स्टँड लावूनच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. पेट्रोलचा वास आला तर सेल्फ मारणं तिथेच थांबव आणि आधी गळती शोध.

फ्यूज सगळे चांगले निघाले तर स्कॅनर, म्हणजे इसीएममधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लाव. इसीएम उडाला म्हणणाऱ्या मेकॅनिकला पहिला प्रश्न हाच विचार: स्कॅनर लावला होता का, आणि इसीएमने उत्तर दिलं का? स्कॅनरशी बोलणारा इसीएम पूर्ण मेलेला नसतो. कोड कागदावर उतरवून घे. पी 0420 म्हणजे कन्व्हर्टरचं काम होत नाहीये. कन्व्हर्टरच नाही म्हटल्यावर तो येणारच, पण त्याने गाडी बंद पडत नाही. पी 0135 आणि पी 0141 म्हणजे पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. तो कोड आला तर मी वर म्हटलेली वायर जरूर बघ. पी 0335 आला तर क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे इसीएमला कळवणारा. तो बऱ्याच गाड्यांत इंजिन आणि गिअर बॉक्सच्या सांध्यापाशी, खालच्या बाजूला असतो, म्हणजे पाईप ओढताना-ढकलताना हात, पाना, ठिणगी पोचेल अशा जागी. कोड नसला तरी सेल्फ मारताना स्कॅनरवर आर.पी.एम. किती दिसतात ते बघ. दोनशेच्या आसपास काहीतरी दिसायला हवं. सेल्फ फिरतोय आणि आकडा शून्यच, तर इंजिन फिरतंय हे इसीएमला कळतच नाही, मग तो ठिणगी कुणासाठी देणार? अशा वेळी आधी सेन्सर, त्याचा प्लग आणि वायर.

ऑक्सिजन सेन्सरबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. तो स्वतः बिघडला म्हणून गाडी सुरू व्हायची थांबत नाही. थंड इंजिन सुरू होताना इसीएम त्या सेन्सरकडे बघतच नाही, कारण तो अजून तापलेला नसतो. सेन्सर खराब असला तर मायलेज जातं, धूर वाढतो. गाडी अडते ती त्याच्या वायरीमुळे. तेव्हा 'दोन्ही सेन्सर बदला, सुरू होईल' असं कुणी म्हणालं तर तिथेही पैसे काढू नकोस.

आतेभावाच्या बॅक प्रेशरचंही तसंच. पुढचा अख्खा पाईप काढून ठेवला तरी पेट्रोल इंजिन सुरू होतं, कान बसतील इतका आवाज करतं, पण सुरू होतं. मोकळ्या पायपाने इंजिन अडत नाही, बुजलेल्या पायपाने अडतं. हे तपासायला सोपं आहे. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हात धरायचा. हवेचे ठोके हाताला जाणवले पाहिजेत. जाणवले नाहीत तर आत काहीतरी अडकलंय. आपल्या गावात गॅरेजमध्ये पुसायला टॉवेल कारखान्यातली चिंधी वापरतात, तुझ्याच कारखान्यातली असेल कदाचित. वेल्डिंगचे मणी पायपात पडू नयेत म्हणून तिचा बोळा कोंबतात, आणि काढायचा राहतो. एका गाडीतून मी अर्धवट जळालेला बोळा आकड्याने ओढून काढलाय. तुझी गाडी घरापर्यंत नीट आली, म्हणून तुझ्याबाबतीत ही शक्यता मला कमी वाटते, पण बोळा सरकतो. हात धरून बघायला काही खर्च नाही.

इंजिन पेट्रोलने ओलं झालं असण्याचीही शक्यता आहे. पेट्रोल जात होतं पण पेटत नव्हतं, तर सोमवारच्या इतक्या सेल्फनंतर स्पार्क प्लग भिजलेले असतील. बॅटरी भरल्यावर एकदा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धर आणि सेल्फ मार. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत अशा वेळी इसीएम पेट्रोल तोडतो आणि सिलिंडर सुकतात. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये किमान अर्धा मिनिट विश्रांती.

हे सगळं झाल्यावर मगच इसीएमचा नंबर. त्याच्या प्लगवर बारा व्होल्ट येतात का, त्याची अर्थिंग चांगली आहे का, हे ऑटो इलेक्ट्रिशियनने मीटरने दाखवायला हवं. तोंडी नाही, मीटरवर. इसीएम पुष्कळ सेन्सरना पाच व्होल्टचा पुरवठा देतो. तो मिळत नसेल तर एकेका सेन्सरचा प्लग काढत जायचं. एखादा प्लग काढल्यावर पाच व्होल्ट परत आले, तर दोषी तो सेन्सर किंवा त्याची वायर, इसीएम बिचारा शाबूत आहे. करंट आहे, अर्थिंग आहे, सगळे सेन्सर सुटे करूनही पाच व्होल्ट नाहीत, स्कॅनरला उत्तर नाही, तेव्हा इसीएम गेला म्हणायचं. तेव्हाही आधी तो दुरुस्तीवाल्याला दाखवायचा. जुन्या बाजारातला दुसऱ्या गाडीचा इसीएम नुसता जोडून चालत नाही. इमोबिलायझर असलेल्या गाडीत किल्ली आणि इसीएम यांची ओळख नव्याने करून द्यावी लागते, आणि तो खर्च त्या बावीस हजारांत धरलेला आहे का, तेही विचारून घे.

आता कन्व्हर्टरबद्दल. तू तो का काढलास ते पत्रात नाही, पण आवाज हवा होता हे कळतं. तुझ्या वयात तो आवाज छातीत भरतो, हे मला माहीत आहे. पण ताकदीसाठी म्हणून काढला असशील तर तुझी फसगत झाली. टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनला, मूळचं ट्यूनिंग तसंच ठेवून, नुसत्या फ्री-फ्लोने पायाला जाणवेल इतकी ताकद मिळत नाही. गेलं ते मात्र मोलाचं गेलं. त्या डब्यातल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप असतो, म्हणूनच भंगारातही त्याला चांगला भाव येतो. फॅब्रिकेटरने तो तुला परत दिला का? दिला नसेल तर आजच माग. तो तुझा माल आहे.

सोलापूरकर म्हणून एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. गाड्यांच्या धुरावरचे भारत स्टेज 4 चे नियम देशभर लागू झाले 2017 मध्ये, पण 2010 मध्ये ज्या 13 शहरांत ते आधी लागू केले, त्यांत दिल्ली, मुंबई, पुण्याबरोबर आपलं सोलापूर होतं. कारण आपली हवा तेवढी वाईट होती. तुझ्या 2015 च्या गाडीत तो डबा होता तो हवा कमी बिघडावी यासाठीच. तो नसताना पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएमच्या आत बसवणं अवघड आहे. हवेचे आणि आवाजाचे नियम मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जातं. गाडी सुरू झाली की कन्व्हर्टर परत बसवून घे. जाळी फुटलेली नसेल तर तोच जोडता येतो. या वेळी बॅटरीचा निगेटिव्ह काढून.

फॅब्रिकेटरकडून वसुलीचं तू विचारलंस. भांडायला जाऊ नकोस, विचारायला जा. बॅटरीचा टर्मिनल काढला होता का? अर्थिंगचा चिमटा कुठे लावला होता? मागच्या सेन्सरची वायर कुठून नेली? कुठली पट्टी, कुठला प्लग सोडला होता का? या चार उत्तरांतून तुझा अर्धा शोध संपेल. त्याच्यावर आरोप ठेवलास तर तो एकही उत्तर देणार नाही, आणि तुला पैशांआधी त्याची माहिती हवी आहे. वायर त्याच्या कामात जळाल्याचं दिसलं तर फोटो काढ आणि तोच फोटो दाखवून दुरुस्ती करून माग. बहुतेक कारागीर पुराव्यापुढे अडून बसत नाहीत. ग्राहक आयोगाचा रस्ता दोन वर्षांपर्यंत खुला असतो. पण कन्व्हर्टर कापायला तूच सांगितलं होतंस हे तिथेही निघेल, तेव्हा तो रस्ता धरण्याआधी वकिलाशी बोल. आणि पुढच्या वेळी काय काढलं, काय बसवलं हे लिहिलेलं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

राहिले अप्पा. तुळजापूरसाठी घाई करून गाडी कशीतरी उभी करू नकोस. पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता आहे, एस.टी.ने जा. अप्पांना ते जड जाणार नाही. पण त्यांच्यापासून कन्व्हर्टर लपवून ही गाडी दुरुस्त होईल असं तुला वाटतं, ते मला पटत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर स्टिअरिंगवर बसून इंजिनचा आवाज ऐकला, त्यांना पहिल्याच सेल्फला कळेल की पाईप बदललाय. कदाचित रविवारी तू गल्लीत शिरलास तेव्हाच कळलं असेल आणि तू कधी सांगतोस याची ते वाट बघत असतील. रागावतील, रागावू देत. निम्मे पैसे त्यांचे आहेत, तेवढा त्यांचा हक्क आहे.

शिवाय हे काम एकट्याने होणारं नाही. सेल्फ मारताना मीटर वाचायला, पंप ऐकायला, सायलेन्सरपाशी हात धरायला दुसरं माणूस लागतंच. तेव्हा आज रात्री बॅटरी चार्जिंगला लाव आणि जेवताना त्यांना काय काय कापलं ते सांगून टाक. रविवारी ऊन चढायच्या आत अप्पांना चावीपाशी बसव, तू बॅटरीवर मीटरच्या पिना धर, आणि म्हण, अप्पा, मारा सेल्फ.